राजाच्या दरबारात पाचच खुर्च्या?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दहावीचा निकाल लागला, हुबळीला आमच्या लेकीच्या घरी पेढे वाटून झाले आणि त्याच रात्री वादाला तोंड फुटले. नातू म्हणाला, "मी पीयूसीला आर्ट्स घेणार. मला इतिहास शिकायचाय."

गुण चांगले. वडील इंजिनिअर, चुलते इंजिनिअर, शेजारच्या दोन घरांतली मुलेही त्याच वाटेवर. सायन्सशिवाय दुसरे काही असते, हे त्या घरात आजवर कोणाच्या ध्यानातच आलेले नव्हते. जावईबापूंनी शांतपणे विचारले, "इतिहासाचं एवढं वेड कुठून लागलं?" पोरगा सरळमार्गी. खरे ते सांगून बसला, "गेममधून."

मग काय होणार? रात्री दहाला मला फोन. "मामा, तुम्ही पस्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवलात. याला पंधरा दिवस तुमच्याकडे पाठवतो. तो गेम तुम्ही स्वतः बघा आणि सांगा, त्यात खरा इतिहास किती आणि पोरखेळ किती. तुम्ही म्हणाल तसं करू." मागून नातवाचा आवाज आला, "अज्जा सांगतील ते मला मान्य आहे."

म्हणजे एका पोराच्या पुढच्या आयुष्याचा निवाडा माझ्या एकट्याच्या गळ्यात. पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या, पण अशी कधी हातात आली नव्हती.

खुर्च्या आणि माणसे

खेळाचे नाव 'क्रुसेडर किंग्ज थ्री'. स्वीडनमधल्या पॅराडॉक्स या कंपनीने २०२० साली तो काढला. आमच्या गल्लीत वीस वर्षांपूर्वी सायबर कॅफेत पोरे 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायची, ते मी पाहिले होते. त्यात लाकूड तोडायचे, किल्ला बांधायचा आणि शेजाऱ्यावर हत्ती सोडायचे. हा खेळ तसा नव्हे. यात आपण एका राजघराण्याचे प्रमुख. लग्ने जुळवायची, भाऊबंद सांभाळायचे, सरदारांची मने राखायची. आपण मेलो की आपला वारस पुढे खेळतो. मूळ खेळात ८६७ किंवा १०६६ साली सुरुवात करायची आणि १४५३ पर्यंत घराणे टिकवायचे.

"अज्जा, बघा की, आपलापण भाग आहे यात," म्हणत त्याने ८६७ चा नकाशा उघडला. राष्ट्रकूटांचे राज्य दिसले. १०६६ चा उघडला तर कल्याणीचे चालुक्य. मी चष्मा पुसून पुन्हा बघितले. खोटे कशाला सांगू, बरे वाटले. स्टॉकहोममध्ये बसून कोणीतरी आमच्या मुलखाचा नकाशा काढला होता.

मग त्याने दरबार दाखवला. पाच खुर्च्या. एक परराष्ट्राचे पाहणारा, एक खजिना सांभाळणारा, एक सेनापती, एक हेरांचा प्रमुख आणि एक धर्माधिकारी. राणीला वेगळे काम: राजा जिथे कमी पडेल तिथे हातभार लावायचा. सौ. भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "हे तेवढं अगदी बरोबर दाखवलंय."

या पाच खुर्च्यांवर कोणाला बसवायचे, यात निम्मा खेळ. बलाढ्य सरदाराला खुर्ची दिली नाही की तो रुसतो. रुसलेले एकत्र येतात, गट करतात, बंडाची धमकी देतात. आणि हुशार माणूस खुर्चीवर हवा की ताकदवान, हा पेच राजापुढे कायमचा. नातू म्हणाला, "अज्जा, त्या काळची राज्यसभा अशीच असायची ना?"

माझ्या तोंडावर 'नाही' आले होते. पण मी गप्प राहिलो. त्याचे एक कारण आहे.

नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. नववीच्या वर्गात अष्टप्रधान मंडळ शिकवत होतो. फळ्यावर आठ नावे लिहिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, हे आठही जण नको म्हणाले आणि राजा हो म्हणाला तर काय व्हायचं?" मी म्हणालो, "परीक्षेला येत नाही ते. खाली बस." वर्ग हसला. तो मुलगा पुढे वर्षभर उठला नाही. त्याला आठवत असेल-नसेल, मला आठवते. नातवाला तसे खाली बसवायचे नव्हते.

म्हणून म्हटले, "चल, एकेक करून तपासू." त्याने एक दोनशे पानी वही काढली.

मंत्री वेगळे, सभा वेगळी

पहिली गोष्ट मी त्याला अशी सांगितली. राजाचे मंत्रिमंडळ आणि राज्यातली सभा या दोन निरनिराळ्या गोष्टी. मंत्री राजा नेमतो, राजा काढतो. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हाचे अष्टप्रधान हे राजाने नेमलेले, राजाला जबाबदार. ते महाराजांचे हात होते, महाराजांवर नेमलेले पहारेकरी नव्हेत. सभा म्हणजे जिथे माणसे स्वतःच्या हक्काने बसतात: कोणी जमिनीच्या जोरावर, कोणी गावाच्या वतीने, कोणी धंद्याच्या वतीने. राजाने बोलावले तरी ती राजाची नोकर माणसे नसतात.

खेळात पहिली गोष्ट छान दाखवली आहे. दुसरी जवळजवळ नाही.

एक मात्र खेळाच्या बाजूने सांगितले पाहिजे. अकराव्या-बाराव्या शतकातल्या युरोपात सरदाराने राजाला दोन गोष्टी द्यायच्या असत: सल्ला आणि मदत. मदत म्हणजे सैन्य, प्रसंगी पैसा. सल्ला म्हणजे बोलावले की दरबारी हजर होणे. राज्य कागदावर कमी आणि माणसामाणसांतल्या नात्यावर जास्त चालत असे. कोण कोणाचा जावई, कोण कोणावर खार खाऊन आहे, हे ठाऊक असल्याशिवाय त्या काळचे राजकारण कळत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत सनावळ्या असतात, हा रुसवाफुगवा नसतो. खेळात तो आहे. तेवढे गुण मी लगेच दिले.

पैसे पाहिजेत? मग विचारा

दुसऱ्या दिवशी नातवाचा प्रश्न तयार होता. "अज्जा, गेममध्ये मी लढाई करायची म्हटली तर करतो. पैसे कमी पडले तर सरदाराचा करार बदलतो. कोणाला विचारावंच लागत नाही. खरं तसंच होतं?"

इथे खरी गोम आहे. इंग्लंडचे उदाहरण घ्या. १२१५ साली जॉन राजाकडून सरदारांनी मॅग्ना कार्टा लिहून घेतला. त्यात एक अट अशी की, राज्याच्या सर्वसाधारण संमतीवाचून राजाने नेहमीच्या रिवाजाबाहेरची पट्टी बसवू नये. त्याच्या मुलाच्या काळात, १२५८ मध्ये, सरदारांनी राजावर पंधरा जणांचे मंडळच बसवले, म्हणजे राजाने त्यांच्या सल्ल्याने चालायचे. आणि १२६५ साली सायमन द माँटफोर्ट या सरदाराने जी सभा भरवली, तिच्यात प्रत्येक परगण्यातून दोन नाइट आणि निवडक शहरांतून दोन-दोन नागरिक बोलावले. पुढे १२९५ साली एडवर्ड पहिला याला लढायांसाठी पैसा हवा होता. त्यानेही शहरांची आणि परगण्यांची माणसे बोलावली. ज्या गोष्टीची झळ सर्वांना लागते तिला सर्वांची संमती हवी, हे जुन्या रोमन कायद्यातले तत्त्व त्या वेळच्या बोलावण्यात आले. राजाला तत्त्वाची फार आवड होती असे नाही. पैसे देणाऱ्याला न विचारता पैसे वसूल होत नाहीत, हे त्याला कळले होते.

स्पेनमधल्या लिओनच्या राजाला हे आधीच कळले होते. नववा अल्फोन्सो याने ११८८ सालीच सरदार आणि धर्मगुरूंच्या जोडीला शहरांतून निवडलेली माणसे सभेला बोलावली. त्या सभेच्या कागदपत्रांची नोंद २०१३ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात केली.

आणि गंमत ऐका. खेळात सरदार खुर्चीसाठी भांडतात. खऱ्या इंग्लंडात पार्लमेंटला जायचे म्हणजे पुष्कळांना डोकेदुखी वाटे. महिनोन्महिने घर सोडायचे, चिखलातून घोडा हाकायचा, आणि शेवटी राजाला पैसे कबूल करून यायचे! परगण्याच्या प्रतिनिधीला दिवसाला चार शिलिंग आणि शहराच्या प्रतिनिधीला दोन शिलिंग भत्ता असे, आणि तो त्या-त्या परगण्याने, शहराने द्यायचा. तेव्हा काही गावे, आम्हाला बोलावूच नका, अशी विनवणी करत. नातू हसून म्हणाला, "आता तिकिटासाठी रांग असते." मी म्हटले, "तेही वहीत लिही. सहाशे-सातशे वर्षांत काय बदललं, हाच तर इतिहास."

खेळ १४५३ पर्यंत चालतो, म्हणजे हे सगळे त्याच्या काळात घडून जाते. मूळ खेळातल्या खुर्च्या मात्र ८६७ साली पाच आणि १४५३ सालीही पाचच. मधल्या सहाशे वर्षांत संमती नावाची गोष्ट जन्माला आली, तिची दरबाराला खबरच नाही.

दुसऱ्या खेळांत काय?

नातू वकिलासारखा तयारी करून आला होता. म्हणाला, "अज्जा, याच कंपनीच्या आधीच्या गेममध्ये मतं होती." २०१२ च्या 'क्रुसेडर किंग्ज टू' या खेळाला २०१६ साली एक जोडभाग निघाला. त्यात मंडळाला खरोखर अधिकार मिळू शकतो. युद्ध पुकारायचे, कोणाला कैद करायचे, कोणाची जहागीर काढून घ्यायची, यावर मंडळ मत देते. मत विरुद्ध गेले आणि राजाने तरी रेटले, तर राजा जुलमी ठरतो. हे १२५८ च्या बरेच जवळ जाते. शाबासकी दिली.

'युरोपा युनिव्हर्सालिस फोर' हा २०१३ चा खेळ १४४४ पासून सुरू होतो. त्याला २०१५ साली पार्लमेंटची जोड मिळाली. प्रांतांना जागा द्यायच्या, एखाद्या विषयावर चर्चा लावायची आणि ठराव मंजूर व्हावा म्हणून जागाजागांना काहीतरी देऊन त्यांचे मत मिळवायचे. सौ. आतून म्हणाली, "हा इतिहासाचा खेळ आहे की नगरपालिकेचा?" पण खरे सांगायचे तर देवाणघेवाण त्या काळीही होतीच. राजा पट्टी मागे, लोक तक्रारी पुढे करत. आधी आमचे गाऱ्हाणे ऐका, मग पैसे. फरक एवढाच की तिथे गाऱ्हाणे लोकांचे असे. खेळात विषय खेळाडू निवडतो आणि प्रांत आपली किंमत सांगतो.

तिसरा, २००६ चा 'मेडिव्हल टू: टोटल वॉर'. त्यात उमरावांचे मंडळ राजाला कामगिरी सांगते: अमुक शहर इतक्या दिवसांत घ्या, मग बक्षीस मिळेल. इथे मी लाल शाई वापरली. उमरावांनी राजाला गृहपाठ द्यायचा आणि राजाने तो करून खाऊ मिळवायचा, असे मी तरी कुठे वाचलेले नाही. उलट सभेचा बहुतेक वेळ राजाला 'इतक्यात नको' म्हणण्यात जात असे.

राजा नाही, मग खेळायचं कोणी?

आठव्या दिवशी पाऊस लागला, लाइट गेली, लॅपटॉप बंद. कंदील लावून बसलो आणि मी त्याला आइसलँडची गोष्ट सांगितली. तिथे ९३० सालापासून दर उन्हाळ्यात सबंध बेटाची सभा भरत असे, उघड्या माळावर, खडकांच्या कुशीत. नाव आल्थिंग. राजा नाही, सेनापती नाही. एक कायदा सांगणारा माणूस असे. कायदा लिहिलेला नव्हता, तो त्याला पाठ असायचा. दरवर्षी एक तृतीयांश असा तीन वर्षांत सगळा कायदा त्याने लोकांसमोर म्हणून दाखवायचा. निकाल लागला की अंमलबजावणी मात्र जिंकणाऱ्याने स्वतःच करायची, कारण सरकार म्हणून कोणी नव्हतेच! हे १२६२ च्या सुमारास बेट नॉर्वेच्या राजाखाली जाईपर्यंत चालले.

रशियातल्या नोव्हगोरोड शहरात घंटा वाजली की लोकांची सभा जमे. ११३६ मध्ये त्यांनी आपल्या राजपुत्रालाच हाकलून दिले. पुढे राजपुत्र यायचा तो शहराशी करार करून. १४७८ साली मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने शहर घेतले, तेव्हा ती सभेची घंटा काढून मॉस्कोला नेली. लोकांचा आवाज बंद करायचा तर आधी घंटा न्यायची, हे त्याला चांगले समजले होते.

नातू विचार करून म्हणाला, "अज्जा, म्हणजे गेम असं दाखवूच शकत नाही. त्यात प्रत्येक जिल्ह्याला एक मालक लागतोच. मालक नसला तर खेळणार कोण?"

मला जे सांगायचे होते ते त्यानेच सांगितले. खेळ बनवणारे अडाणी नाहीत, त्यांनी पुष्कळ वाचलेले आहे. पण खेळ म्हणजे एका माणसाच्या हातात दोरी. सभा म्हणजे ती दोरी पुष्कळांच्या हातात. माळावर चार हजार माणसे बोलत बसली आहेत आणि आपण नुसते ऐकतोय, असा खेळ विकत कोण घेईल?

मत मोजायचे की तोलायचे

खेळात राजा निवडायची पद्धतही आहे. सरदार आपापला उमेदवार ठरवतात, राजा मेला की त्याच क्षणी निकाल. प्रत्यक्षात जर्मन मुलखाच्या साम्राज्यात १२५४ पासून १२७३ पर्यंत सर्वमान्य राजाच नव्हता. १३५६ साली सम्राटाने लेखी नियमच केला: निवडणारे सातच, तिघे धर्मगुरू आणि चौघे सत्ताधीश. तीस दिवसांत निवड झाली नाही तर पुढे त्यांना फक्त पाव आणि पाणी द्यायचे. जावईबापूंना फोनवर हे सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "आमच्या मीटिंगांना हा नियम पाहिजे, मामा."

आणखी एक फरक. खेळात प्रत्येक मत म्हणजे एक आकडा. त्या काळच्या सभांत पुष्कळदा मत मोजत नसत, तोलत असत. किती जण म्हणाले यापेक्षा कोण म्हणाले याला वजन. बहुमत म्हणजेच निर्णय, ही सवय हळूहळू लागली.

पण व्हेनिसची तऱ्हा सर्वांत न्यारी. तिथला प्रमुख, डोज, निवडायची पद्धत १२६८ पासून अशी. चिठ्ठ्या टाकून तीस जण काढायचे. त्यातून पुन्हा चिठ्ठ्यांनी नऊ. ते नऊ चाळीस निवडणार, त्यातून चिठ्ठ्यांनी बारा. ते बारा पंचवीस निवडणार, त्यातून चिठ्ठ्यांनी नऊ. ते नऊ पंचेचाळीस निवडणार, त्यातून अकरा. ते अकरा एकेचाळीस निवडणार, आणि ते एकेचाळीस जण डोज निवडणार, किमान पंचवीस मतांनी. एवढे कशाला? कोणी आधीच खिसे गरम करून ठेवू नयेत म्हणून! आणि चिठ्ठीसाठी गोळ्या काढायला एक लहान मुलगा. जुन्या खेळात २०१३ पासून व्हेनिस खेळता येत असे, पण त्यात पाच घराणी आणि पैशाच्या जोरावर निवडणूक. म्हणजे जे टाळायला व्हेनिसने एवढा खटाटोप केला, नेमके तेच.

हे ऐकल्यावर मला तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरचे शिलालेख आठवले. चोळ राजा परांतक पहिला याच्या काळचे, साधारण ९१९ आणि ९२१ सालचे. तिथल्या ब्राह्मण सभेच्या समित्या कशा निवडायच्या ते दगडावर कोरले आहे. गावाचे तीस वाडे. स्वतःची जमीन हवी, वय पस्तीस ते सत्तर, वेदांचे ज्ञान हवे. ज्याने आधीच्या समितीत राहून हिशोब दिला नाही, तो बाद, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही बाद! पात्र माणसांची नावे ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकायची आणि चिठ्ठी काढायची कोणी? काही न समजणाऱ्या लहान मुलाने.

व्हेनिस आणि उत्तरमेरूर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, साडेतीनशे वर्षांचे अंतर. तरी दोन्हीकडच्या शहाण्यांना एकच विश्वासाचा हात सापडला. सौ. विळी बाजूला ठेवून म्हणाली, "कूसिन कैयाग चीटी कोट्रु अन्री!" आणि डोळे पुसायला लागली. कांद्यामुळे असेल.

दोन्हीकडे सगळ्यांना प्रवेश होता असे नाही, हेही मी सांगितले. उत्तरमेरूरला जमीन नसलेला बाहेर. व्हेनिसने १२९७ नंतर महासभेचे दार ठराविक घराण्यांपुरतेच ठेवले. बायका दोन्हीकडे नाहीत. जुन्या सभांना आजची लोकशाही म्हणून मिरवू नये. कोण आत होते आणि कोण बाहेर, हे विचारल्याशिवाय सभेचा इतिहास पुरा होत नाही.

आपल्या किल्ल्यातली सभा

शेवटच्या शनिवारी नातवाला बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती दाखवायला नेले. आपण दर रविवारी जवळून जातो, पण थांबत नाही. सौंदत्तीचे रट्ट राजे इथे राज्य करत होते तेव्हा, चौथ्या कार्तवीर्याच्या अमदानीत, त्याच्या बीच नावाच्या अधिकाऱ्याने जिनालय बांधले. १२०४ सालचे दोन कन्नड शिलालेख त्याविषयी बोलतात. ते दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतून राजाचे दान तर कळतेच, पण वेणुग्रामच्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या, पेठेतल्या व्यापाऱ्यांनी मिळून आपापल्या मालावर देवळासाठी काय द्यायचे ते ठरवल्याचेही कळते. त्यांत परमुलखातले व्यापारीही होते, लाळ म्हणजे गुजरातकडचे आणि मलेयाळ म्हणजे केरळकडचे. आठशे वर्षांपूर्वीही या गावात चार भाषा बोलणारी माणसे एकत्र बसून हिशोब ठरवत होती.

व्यापाऱ्यांच्या अशा संघांत सर्वांत नामांकित ऐहोळेचा, 'अय्यावोळे ऐनूर्वरु'. अज्जीने अर्थ सांगितला, "ऐनूर्वरु अंद्र ऐनूरु मंदी." पाचशे जण! त्यांचे लेख दक्षिणेत जागोजाग आणि श्रीलंकेत सापडतात. पार सुमात्रा बेटावर बारूस इथे १०८८ सालचा तमिळ लेख आहे. शिवाय अग्रहारांत महाजन असत, जमीनजुमल्याचे आणि दानांचे व्यवहार ते बघत. आणि पुढच्या काळात मराठी मुलखात गोतसभा. वतनाचा तंटा आला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसून निवाडा करत आणि त्याचा महजर लिहीत. ज्याला लिहिता येत नाही तो आपली निशाणी काढी: पाटलाचा नांगर, बाकीच्यांची आपापली हत्यारे.

नातू बस्तीच्या छताकडे, त्या दगडी कमळाकडे बघत होता. म्हणाला, "अज्जा, गेममध्ये इथेपण तेच पाच जण आहेत. नावं बदललीत, खुर्च्या त्याच. ऐनूर्वरु कुठेच नाहीत."

निवाडा

रविवारी लेक-जावई आले. जेवणानंतर जावईबापूंनी विषय काढला. "मग मामा, काय ठरलं?"

मी म्हटले, "गेमला शंभरात चाळीस. पास. माणसांचे हेवेदावे, राजाची अडचण, हे चांगलं. सभा, संमती, सामान्य माणूस, यात नापास. त्यावर विसंबून कोणी पेपर लिहिला तर मी शून्य देईन." नातवाचा चेहरा उतरला. मग मी त्याची वही पुढे केली. "आता हे बघा." वहीत बेचाळीस प्रश्न होते. प्रत्येकाची सुरुवात 'गेममध्ये असं का नाही?' मंडळ नको म्हणालं तर? सभेचा खर्च कोण देतो? दगडावर कोरलं तर वाचणार कोण? आमच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एका मुलाने इतके प्रश्न विचारले नव्हते, आणि एकाने एक विचारला त्याला मी खाली बसवले होते.

जावईबापूंनी सगळी पाने उलटली. मग विचारले, "मामा, हे सगळं खरं. पण यावर पोट कसं भरायचं?" प्रश्न रास्त होता, त्याला मी इतिहासातून उत्तर दिले नाही. कागद घेतला. बी.ए., एम.ए., पुढे पुरातत्त्व, शिक्षकी, स्पर्धा परीक्षा. प्रत्येकात किती वर्षे, किती खर्च, जागा किती कमी, सगळे मांडले. गोड करून काही सांगितले नाही.

"तुम्हीच सांगा काय ते," जावई म्हणाले. मी म्हटले, "मी एकटा सांगणार नाही. ज्याची झळ सर्वांना लागते, त्यावर सर्वांनी बोलायचं." लेक इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मला संगीत घ्यायचं होतं, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं." घरात एकदम शांतता झाली. तो सवाल माझ्यासाठीच होता, वाचकहो. मी मान खाली घातली. सौ. कन्नडमध्ये एवढेच म्हणाली की, पोराला एकदा विचारा आणि मग त्याच्यावर टाका.

शेवटी ठरले. आर्ट्स. पहिल्या वर्षी मन लावून अभ्यास झाला नाही तर पुन्हा बसून बोलायचे. खेळ फक्त रविवारी. आणि अज्जीकडून जुने कन्नड, माझ्याकडून मोडी, सुट्टीत येऊन शिकायचे. नातवाने ते कागदावर लिहिले आणि म्हणाला, "अज्जा, महजर." पाचही जणांनी सह्या केल्या. सौ.ने सहीशेजारी छोटी विळी काढली.

तो कागद आमच्या देवघराशेजारी लावला आहे. कॉलेज सुरू होऊन आता काही महिने झाले. परवा फोन आला. मला वाटले पोराची तक्रार असेल. जावईबापूंचाच आवाज, जरा दबका. "मामा, ते डोज निवडायचं पुन्हा एकदा सांगा. तीस, नऊ, चाळीस, पुढे किती?"